दूतावास नव्हता, तह नव्हता, तरी जपान-चीन व्यापार चालला कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जपान आणि चीन 1937 ते 1945 एकमेकांशी लढले, मग शीतयुद्धात दोघं समोरासमोरच्या गटात गेले, 1972 पर्यंत एकमेकांना मान्यता नाही, दूतावास नाही, तरी 60 च्या दशकात त्यांच्यात कोट्यवधी डॉलरचा व्यापार चालू होता, हे कसं? आधी राजकारण सुधारतं की आधी व्यापार? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की व्यापार "पुन्हा सुरू झाला" असं नक्की कुठल्या दिवशी म्हणायचं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीच्या दोन्हीची उत्तरं त्याच्यातच आहेत.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. बँकेत परदेशी व्यापाराच्या टेबलावर 26 वर्षं काढली, एलसी (माल घेणाऱ्याच्या बँकेने पैसे द्यायची दिलेली लेखी हमी) उघडणं, आलेली कागदपत्रं तपासणं, पेमेंट सोडणं नाहीतर अडवणं हेच काम. त्यामुळे मी हा इतिहास वाचते तो त्या टेबलावरून, आणि तिथून बघितलं की एक गोष्ट लगेच दिसते. माल विकायची इच्छा कधीच कमी नसते, शत्रू असला तरी. अडतं ते उधारीपाशी. माल बोटीवर चढला आणि पैसे आले नाहीत, किंवा पैसे दिले आणि माल कुजका निघाला, तर कोणाच्या दारात जायचं? एरवी आपल्या पाठीशी काहीतरी असतं, दूतावास असतो, दोन सरकारांमधला करार असतो, कोर्टाचा हुकूम तिकडे चालतो. ज्या देशाला तुमचं सरकार देशच मानत नाही तिथे यातलं काहीच नाही. म्हणून दोन जुन्या शत्रूंचा व्यापार कसा उघडला हे बघताना मी एवढंच शोधते, की ही जोखीम कोणी आणि कशी अंगावर घेतली.

एक फाइल सांगते, देशांची नावं घेत नाही. दोन देशांचे संबंध बरीच वर्षं तुटलेले, नुकतेच जुळत होते, आणि आमच्या एका ग्राहकाला तिकडून पंपाच्या सुट्या भागांची ऑर्डर आली. पहिल्या ऑर्डरचे पूर्ण पैसे आगाऊ आले तेव्हा माल गेला. दुसऱ्या वेळी एलसी आली पण तिकडच्या बँकेशी आमचं थेट खातंच नाही, म्हणून तिसऱ्या देशातली बँक मध्ये घेतली. कागद दोनदा परत आले, एकदा बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे बोट कंपनीने माल चढल्याची दिलेल्या पावतीवर, माल घेणाऱ्याच्या नावात एक अक्षर वेगळं होतं म्हणून आणि एकदा तपासणीचा दाखला दोन दिवस उशिराचा होता म्हणून. पेमेंट आलं तेव्हा महिना उलटून गेला होता. तिसऱ्या ऑर्डरला समोरच्याने 180 दिवसांची मुदत मागितली आणि आमच्याकडे तीन मिटिंगा झाल्या, वरपासून खालपर्यंत कोणी सही करेना. शेवटी सरकारी विमा मिळाला तेव्हा ती मुदत मंजूर झाली. वर्तमानपत्रात "व्यापार सुरू" ही बातमी पहिल्या ऑर्डरच्या वेळीच छापून आली होती, पण आमच्या टेबलावर तो तिसऱ्या ऑर्डरला सुरू झाला.

आता जपान-चीनकडे येऊ.

28 एप्रिल 1952 ला सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला आणि जपान पुन्हा स्वतंत्र झाला, त्याच दिवशी त्याने तैपेईच्या, म्हणजे तैवानमधल्या चिनी राष्ट्रवादी सरकारबरोबर शांतता तह केला. म्हणजे ज्या मुख्य भूमीवर आठ वर्षं युद्ध झालं तिथल्या सरकारशी तहच नाही. शिवाय कोरियात युद्ध चालू, चीनला काय विकायचं नाही याच्या याद्या कोकॉम नावाच्या पाश्चात्य गटाच्या पॅरिसमधल्या समितीत ठरायच्या आणि चीनसाठीची यादी सोव्हिएत युनियनपेक्षाही कडक होती. अशात जपानी संसदेचे तीन आजी-माजी सदस्य, त्यात कोरा तोमी नावाच्या एक बाई होत्या, आर्थिक परिषदेच्या निमित्ताने मॉस्कोला गेले आणि तिथून बीजिंगला पोचले. 1 जून 1952 ला त्यांनी करार केला, दोन्हीकडून 3-3 कोटी पौंडांचा माल, आणि तोही अदलाबदलीने, म्हणजे या हाताने द्यायचं आणि त्या हाताने घ्यायचं.

हा करार जवळजवळ कागदावरच राहिला, आणि का राहिला ते बघण्यासारखं आहे. मालाचे तीन वर्ग पाडले होते आणि ज्या वर्गाचा माल द्याल त्याच वर्गाचा घ्यायचा. चीनचा कोळसा आणि सोयाबीन वरच्या वर्गात, त्याच्या बदल्यात जपानने द्यायचं होतं पोलाद, तांबं वगैरे, आणि नेमकं तेच बंदीच्या यादीत. अदलाबदलीत उधारीची जोखीम राहत नाही हे खरं, पण दोन्ही बाजूचा माल एकाच वेळी मोकळा असावा लागतो, एक बाजू अडली की दुसरीही अडते.

करार पौंडात का, डॉलरमध्ये का नाही, हे कोणी सहसा विचारत नाही. डिसेंबर 1950 मध्ये अमेरिकेने चीनची डॉलरमधली मालमत्ता गोठवली. डॉलरचं पेमेंट म्हणजे कुठेतरी न्यूयॉर्कच्या बँकेतून जाणार आणि तिथे अडकणार. ब्रिटनने मात्र जानेवारी 1950 मध्येच बीजिंगला मान्यता दिली होती, त्यामुळे पौंडाचा रस्ता मोकळा होता. आमच्या धंद्यात हे रोजचंच असतं, ग्राहक किमतीवर तासभर घासाघीस करतो आणि पैसा कुठल्या शहरातून जाणार हे शेवटी विचारतो, खरंतर ते आधी विचारायला हवं.

पुढे 1953, 1955 आणि मार्च 1958 असे आणखी तीन खाजगी करार झाले. 1957 मध्ये आधी ब्रिटनने आणि मग जपानने ती जादा कडक यादी सोडली, त्याच्या आधीच 1956 मध्ये दोन्हीकडचा मिळून व्यापार 15 कोटी डॉलरपर्यंत पोचला होता. आणि इथे भांडणं कशावरून होती बघा, चीनचे प्रतिनिधी दोन महिन्यांपेक्षा जास्त राहिले तर जपानी कायद्याप्रमाणे त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, ते त्यांना अपमानास्पद वाटायचं, त्यावर वर्षानुवर्षं घोळ. मग व्यापारी कार्यालयावर चीनचा झेंडा लावायचा की नाही. चौथ्या करारात ठशांचा प्रश्न कसाबसा सुटला पण झेंड्याचा चिघळला, तैपेईने जोरदार हरकत घेतली, आणि जपान सरकारने आम्ही झेंड्याचा हक्क मानत नाही असं सांगितलं.

2 मे 1958 ला नागासाकीच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये चिनी टपाल तिकिटांचं आणि कागदी कातरकामाचं प्रदर्शन होतं. एका जपानी तरुणाने तिथला चिनी झेंडा ओढून खाली पाडला. पोलिसांनी त्याला पकडलं आणि लगेच सोडलं, कारण परदेशी झेंड्याचा अपमान हा गुन्हा मान्यता असलेल्या देशाच्या झेंड्यालाच लागू, आणि कायद्याच्या नजरेत ते नुसतं कापड होतं. तेव्हा जपानचे पंतप्रधान किशी होते. दहा दिवसांच्या आत चीनने सगळा व्यापार थांबवला, झालेले सौदेसुद्धा. 1956 चे 15 कोटी डॉलर 1959 मध्ये जेमतेम सव्वादोन कोटींवर आले.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप अस्वस्थ झाले होते, झेंड्यासाठी नाही, त्या छोट्या जपानी व्यापाऱ्यांसाठी ज्यांचा माल बंदरात पडून होता. त्यांच्या हातात सहीशिक्क्याचा करार होता आणि त्याच्यामागे कोणीच उभं नव्हतं. सहा वर्षं वाढलेला व्यापार दहा दिवसांत संपतो याचा अर्थ मी तरी असाच घेते, की तो अजून उघडलेलाच नव्हता, रोखीवर चाललेली ये-जा होती ती.

मग तो परत कसा सुरू झाला? सुरुवात लाखेपासून आणि चेस्टनटपासून झाली. जपानमधले लाखेचं काम करणारे छोटे कारागीर आणि भाजलेले चेस्टनट विकणारे, यांचा कच्चा माल चीनमधूनच यायचा आणि ते बुडायला आले होते. 1959 मध्ये चीनने कामगार संघटनांमार्फत "खास बाब" म्हणून तेवढा माल दिला. आकडा नगण्य पण मला ही पायरी फार शहाणपणाची वाटते, कारण यात दोन्ही बाजूंना मागे हटल्यासारखं दिसत नव्हतं. ऑगस्ट 1960 मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी हेच तत्त्व करून टाकलं, व्यापार तीन प्रकारे होईल, सरकारी करार, खाजगी करार, आणि गरजूंसाठी खास बाब. त्याच्या जोडीला "मित्र कंपन्या" आल्या, म्हणजे चीनची राजकीय भूमिका मान्य करणाऱ्या जपानी कंपन्यांनाच सौदे. मोठमोठ्या ट्रेडिंग हाऊसेसनी यासाठी वेगळ्या नावाच्या छोट्या कंपन्या काढल्या, तैवानशी व्यापार मूळ नावाने आणि चीनशी या नावाने. सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांनी कानाडोळा केला.

चीनला इतकी निकड का झाली तेही सांगायला हवं नाहीतर गोष्ट अर्धी राहील. जुलै 1960 मध्ये सोव्हिएत युनियनने आपले तज्ज्ञ चीनमधून काढून घेतले, इकडे ग्रेट लीप ही शेती-उद्योग झपाट्याने वाढवायची माओंची मोहीम फसून भयंकर दुष्काळ पडला, खत हवं, यंत्रं हवीत, आणि सोव्हिएत दार बंद होत चाललेलं. जपानला पोलाद आणि खतं विकायला बाजार हवा होता, कोळसा आणि सोयाबीन जवळून मिळत असतील तर हवेच होते. तुमच्या "आधी काय" या प्रश्नावर परिस्थितीवर अवलंबून आहे असं मी म्हणते ते यासाठी. चीन-सोव्हिएत भांडण झालं नसतं तर कदाचित हीच माणसं, हेच कागद, आणि काहीच घडलं नसतं.

माणसांचा भागही आहेच. जपानकडून ताकासाकी तात्सुनोसुके, जे युद्धकाळात जपानच्या ताब्यातल्या ईशान्य चीनमधल्या, म्हणजे मांचुरियातल्या अवजड उद्योगांच्या कंपनीचे प्रमुख होते, म्हणजे कब्जाच्या बाजूचे, आणि 1955 मध्ये बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेत चौ एन लाय यांना भेटले होते, पुढे किशींच्याच मंत्रिमंडळात व्यापारमंत्री. चीनकडून ल्याओ चेंगझी, जन्म टोकियोचा, जपानी अस्खलित. 9 नोव्हेंबर 1962 ला या दोघांनी बीजिंगमध्ये एका निवेदनावर सह्या केल्या, 1963 ते 67 अशी पाच वर्षं, सरासरी वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंडांचा दोन्हीकडचा मिळून व्यापार. त्यांच्या आडनावांच्या रोमन आद्याक्षरांवरून त्याला एलटी व्यापार म्हणतात. कागदावर तो दोन खासगी माणसांचा करार, पण एकाच्या मागे चीनचं सरकार आणि दुसऱ्याच्या मागे पंतप्रधान इकेदांची मूक संमती. इकेदा म्हणायचे राजकारण वेगळं आणि अर्थकारण वेगळं, चौ म्हणायचे दोन्ही वेगळं करताच येत नाही, आणि दोघांनी आपापलं म्हणणं तसंच ठेवून सह्या होऊ दिल्या.

त्या निवेदनात मला महत्त्वाची वाटते ती हप्त्याने पेमेंटची सोय. आणि त्याचा कस लागला तो कुराशिकी रेयॉनच्या कारखान्यावर. विनायलॉन हा कृत्रिम धागा कोळसा आणि चुनखडीपासून करता येतो, चीनकडे दोन्ही भरपूर आणि कापसाची जमीन धान्याला हवी, त्यामुळे हा कारखाना त्यांना जीवापाड हवा होता. सुमारे 2 कोटी डॉलरचा सौदा, पैसे पाच वर्षांत. कंपनीचे प्रमुख ओहारा सोइचिरो यांनी उघडपणे सांगितलं होतं की चीनमध्ये जपानने जे केलं त्याची थोडी भरपाई म्हणूनही मी याच्याकडे बघतो. पण पाच वर्षांची उधारी कोणतीही कंपनी स्वतःच्या खिशातून देत नाही, त्यासाठी जपानच्या निर्यात-आयात बँकेचं कर्ज लागणार, आणि ती बँक सरकारी. ऑगस्ट 1963 मध्ये मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं. तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे, व्यापार पुन्हा सुरू झाला तो ऑगस्ट 1963 मध्ये, ज्या दिवशी एका सरकारने मान्यता नसलेल्या देशाला पाच वर्षं उधार द्यायची जोखीम अंगावर घेतली.

हे मी एकटीच म्हणत नाही, तैपेईलाही बरोबर तेच कळलं. कोळसा-सोयाबीनवर ते एवढे भडकले नव्हते जेवढे या कर्जावर भडकले, राजदूत परत बोलावला, जपानी मालाची सरकारी खरेदी थांबवली. मग माजी पंतप्रधान योशिदा तैपेईला गेले आणि मे 1964 मध्ये त्यांनी एक पत्र लिहिलं, की अशा कारखान्यांसाठी निर्यात-आयात बँकेचा पैसा त्या वर्षी दिला जाणार नाही. योशिदांकडे तेव्हा कुठलंही सरकारी पद नव्हतं, पत्र खासगी होतं. म्हणजे ज्या खासगी कागदाने दार उघडलं तसल्याच खासगी कागदाने ते बंदही झालं. निचिबो कंपनीचा दुसरा विनायलॉन कारखाना ठरलेला होता, इकेदांनंतर पंतप्रधान झालेल्या सातोंच्या सरकारने पत्र पाळायचं ठरवलं आणि 1965 मध्ये तो सौदा मोडला.

एवढं होऊनही 1958 सारखं सगळं बंद पडलं नाही, आणि मला इथे फरक दिसतो. 1964 मध्येच दोघांनी एकमेकांच्या राजधानीत संपर्क कार्यालयं उघडायचं ठरवलं होतं, पत्रकारही अदलाबदलीने पाठवले होते, त्यामुळे भांडायला एक खोली होती, रोज उघडणारी. ताकासाकी त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. 1966 पर्यंत व्यापार 60 कोटी डॉलरच्या वर गेला आणि जपान चीनचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार झाला.

रोजच्या कामाचं थोडं सांगते कारण तिथेच खरा विश्वास मोजला जातो. बँक ऑफ चायनाची एलसी आली की तिच्यावर दुसऱ्या बँकेचं कन्फर्मेशन घेऊ द्यायचे नाहीत, आमच्या शब्दावर आणखी कोणाची हमी कशाला असं त्यांचं म्हणणं. माल चांगला की वाईट हे ठरवायचं त्यांच्याच तपासणी ब्युरोने. विकणाऱ्याच्या दृष्टीने या अटी कठीण होत्या, मीही आमच्या ग्राहकाला सावध केलं असतं. पण दुसरी बाजू अशी की चीनची पैसे वेळेवर देण्याबद्दल ख्याती होती, आणि मला विचाराल तर कन्फर्मेशनपेक्षा ती मोठी. भांडण झालंच तर लवाद प्रतिवादीच्या देशात, असं सूत्र पुढच्या करारांत आलं, ते मला आवडतं, कारण तक्रार करणाऱ्यालाच समोरच्याच्या घरी जावं लागतं, मग फुटकळ तक्रारी आपोआप गळतात. आणि नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, 2.80 डॉलरचा 2.40 झाला, तेव्हा पौंड धरून बसलेल्या चीनला फटका बसला आणि सौदे आपल्याच चलनात करायचा आग्रह वाढला.

आता एक गोष्ट मनापासून सांगायचीय, कारण व्यापार वाढला की मैत्री वाढते असं बरेच जण धरून चालतात. 60 च्या दशकाचा शेवट बघा. सांस्कृतिक क्रांती या माओंच्या राजकीय मोहिमेत काही जपानी व्यापाऱ्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली डांबलं. एलटी करार 1967 ला संपला, त्याच्या जागी 1968 पासून दरवर्षी नव्याने ठरवायचा करार आला, आणि दरवर्षी जपानी प्रतिनिधींना आधी कित्येक दिवस बसून स्वतःच्याच सरकारवर टीका करणाऱ्या संयुक्त निवेदनावर सही करावी लागायची, मग मालाची बोलणी. जपानी खासदार फुरुई योशिमी आणि उद्योजक ओकाझाकी काहेइता यांनी हे वर्षानुवर्षं केलं, मायदेशी शिव्या खाल्ल्या, आणि तो धागा तुटू दिला नाही. तोपर्यंत बहुतेक व्यापार मित्र कंपन्यांकडूनच होत होता, या कराराचा वाटा अगदी थोडा राहिला होता, तरी ती खोली उघडी राहणं महत्त्वाचं होतं, कारण 1972 मध्ये तानाका पंतप्रधान झाल्यावर निरोप नेणाऱ्यांत हेच लोक होते.

29 सप्टेंबर 1972 ला संयुक्त निवेदन झालं आणि चीनने युद्धाच्या भरपाईचा दावा सोडला. हा मुद्दा व्यापाराच्या दृष्टीने किती मोठा आहे ते अमेरिकेशी तुलना केली की कळतं. अमेरिका आणि चीनमध्ये 1971 पासून बंधनं सैल झाली, पण जुन्या दाव्यांचा निकाल लागायला 1979 उजाडलं, सुमारे 19 कोटी 70 लाख डॉलरचे अमेरिकन दावे 8 कोटी 5 लाखांवर मिटले. तोवर चीनची बोट किंवा पैसा अमेरिकेत आला तर एखादा जुना दावेदार जप्ती आणू शकत होता, त्यामुळे थेट जहाज नाही, थेट बँकिंग नाही. जुनी देणी मिटलेली नसतील तर नवा माल त्यांच्यावरून ठेचकाळतच जातो.

म्हणून "आधी राजकारण की आधी व्यापार" याला मी असं उत्तर देईन की रोखीचा व्यापार राजकारणाच्या आधी चालू शकतो, उधारीचा नाही. उधारीला कुठल्यातरी सरकारची सही लागतेच, मग ती कितीही आडून केलेली असो, आणि ती सही म्हणजेच राजकारण. 1963 ला ती एकदा मिळाली, 64 ला काढून घेतली, 72 नंतर उघडपणे मिळू लागली.

याचा पुरावा बघायचा असेल तर 1981 बघा. फेब्रुवारी 1978 मध्ये दोघांनी आठ वर्षांत 20 अब्ज डॉलरचा दीर्घ करार केला होता, चीनचं तेल आणि कोळसा, जपानचे कारखाने, त्यात शांघायजवळचा बाओशानचा पोलाद कारखाना. 1981 च्या सुरुवातीला चीनकडे पैसा पुरेना आणि त्यांनी सह्या झालेले मोठमोठे करार एकतर्फी थांबवले. नागासाकीच्या झेंड्यापेक्षा हा धक्का कितीतरी पट मोठा होता, माल काही ठिकाणी तयार होऊन पडला होता. या वेळी मात्र जपानचे माजी परराष्ट्रमंत्री ओकिता साबुरो बीजिंगला गेले, चीनचे नेते डेंग श्याओफिंग यांना भेटले, आणि पुढच्या काही महिन्यांत जपानने कर्जाची नवी सोय करून दिली, बाओशानचं काम पुढे चालू झालं आणि 1985 मध्ये तिथली पहिली भट्टी पेटली.